तव्याबाहेरचे दाणे

इग्नासिया बात्झ माझ्या शेजारच्या वर्गात एकोणीस वर्षं गणित शिकवत होती आणि मी एकोणीस वर्षं तिच्यावर जळत होतो, हे आधीच कबूल करतो. माझी मुलं पायची किंमत घोकायची. तिची मुलं सुताची दोरी घेऊन गावभर हिंडायची. बादली, ढोल, चर्चची घंटा, जे गोल दिसेल त्याला वेढा घालायचा, मग आडवं माप घ्यायचं. "दर वेळी तिपटीहून थोडं जास्तच का येतं, सेन्यो?" असं विचारत परत यायची. आमच्याकडे बाईंना सेन्योच म्हणतात.

पालकांना हा पोरखेळ वाटला. तक्रार गेली आणि तपासनीस डॉन रोलान्दो आले. "आजचा तास बघतो. पटला नाही तर उद्यापासून फळा आणि पुस्तक, बस्स," त्यांनी दारातच सांगितलं.

"आजच्या दिवस घोकवून घे गं," मी तिच्या कानात म्हणालो.

"घोकायला मी काय पोपट पाळलेत?" ती म्हणाली.

तिने जमिनीवर भाकरीचा मातीचा तवा ठेवला आणि त्याला चारी बाजूंनी टेकतील अशा फळ्यांचा चौकोन केला. मुलांनी डोळे मिटून मक्याचे दाणे उधळायचे. एक दाणा तव्यात पडेल की कोपऱ्यात, ते त्याचं नशीब. पण शेकडो दाण्यांचं नशीब एकत्र केलं की त्यातून आकडा निघतो. तव्यातले भागिले चौकोनातले एकूण, गुणिले चार, म्हणजे साधारण पाय.

दाणे उधळून झाले, मोजून झाले. तव्यात एकशे अठ्ठावन्न. एकूण? तेही एकशे अठ्ठावन्न. फळ्यावर उत्तर आलं चार.

"चार? मग चाकंही चौकोनी करू या," म्हणत साहेबांनी फाइल उघडली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

इग्नासिया चौकोनाकडे बघत होती. "कोपऱ्यातले कुठे गेले?"

तोमासा नावाची मुलगी उठली. "मी उचलले, सेन्यो. मका जमिनीवर टाकला तर रडतो. तसाच कसा ठेवायचा?" तिच्या ओच्यात दाणे होते.

आम्ही सगळे हेच ऐकत वाढलो. आमच्यापैकी कुणी ठेवला असता?

"बरोबर केलंस," इग्नासिया म्हणाली. "चूक माझी. खाली चादर घालायला हवी होती. आता ओच्यातले मोज."

मोजताना एक दाणा निसटून साहेबांच्या बुटापाशी गेला. ते झटकन वाकले, दाणा उचलला, त्यावर फुंकर मारली. मग हळूच म्हणाले, "हा कोपऱ्यातलाच ना?"

"हो. बेचाळिसावा," तोमासा म्हणाली.

म्हणजे एकूण दोनशे. उत्तर आलं तीन पूर्णांक सोळा शतांश.

"पण पुस्तकात चौदा शतांश आहे, बाई."

"दोनशे दाण्यांना एवढंच कळतं, साहेब. हजार टाकले की सुधारेल. मी चादर आणते, तुम्ही खाली बसा."

साहेबांनी फाइल बाकावर ठेवली, बूट काढले आणि मुलांमध्ये मांडी घालून बसले.