ऐरणीची उंची

अजूनही उन्हाळ्याच्या दुपारी डोळा लागला की कानात आधी भात्याचा श्वास येतो, मग हातोड्याचा हलका ठोका आणि त्याच्या पाठोपाठ घणाचा जड. टण्, धप्प. टण्, धप्प. मी झोपेतच खांदा उडवते म्हणे. उडवीन नाहीतर काय करीन? आयुष्याची मधली सगळी वर्षं त्या ठोक्यावरच गेली माझी.

पाचोऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आमचं लोहाराचं घर. मी सून म्हणून आले तेव्हा सासरे, म्हणजे नाना, भट्टीपुढे बसायचे आणि सासूबाई घण मारायच्या. आमच्यात घण घरची बाईच मारते. नाना सांडशीत तापलं पातं धरून छोट्या हातोड्यानं जागा दाखवायचे, सासूबाई उभ्यानं नेमक्या तिथेच घण टाकायच्या. बोलणं नाही, बघणं नाही. केळीचे घड उतरवायच्या सुऱ्या घ्यायला लांबून लोक यायचे. मी भाता ओढता ओढता त्या दोघांकडे बघत राहायची. निखाऱ्यांच्या तांबूस उजेडात ती दोघं मला खरी वाटायचीच नाहीत. आपण जागे आहोत की पेंगतोय, तेही कळायचं नाही.

एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या. नवरा चाळीसगावला सूतगिरणीत, सुट्टीला तेवढा घरी. नानांनी भट्टी पेटवणंच सोडलं. खाटेवर बसून विझल्या राखेकडे बघत राहायचे. ताटातली भाकरी तशीच परत यायची. माणूस असा दिवसादिवसानं विरत चाललेला बघणं सोपं नसतं. भट्टी थंड राहिली तर हेही जातील, हे मला अगदी लख्ख कळलं होतं.

मी तशी काही गरीब गाय नव्हते. एका सकाळी कोणाला न विचारता कोळसे पेटवले आणि सासूबाईंचा घण उचलून ऐरणीपाशी उभी राहिले.  नाना उठले, आपल्या जागी बसले आणि सांडशी हातात घेतली. त्या दुपारी त्यांनी भाकरी मागून घेतली. मला चुलीपुढे रडूच आलं.

पण काम काही जमेना. माझ्या घणाची पुढची कड पात्यात रुतायची. गुळगुळीत पात्यावर नखानं कोरल्यासारख्या चंद्रकोरी उठायच्या. त्या घासायला जावं तर पातं पातळ व्हायचं. नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. सासरे सुनेशी थेट बोलतच नसत तेव्हा, जे काही सांगायचं ते भात्याकडे बघून. भात्यालाच ते म्हणाले, "घण बदलना पडी."

म्हणून आम्ही दोघं जळगावला गेलो. भंगाराच्या दुकानांची एक लांब ओळ होती. उन्हात लोखंड नुसतं झगमगत होतं, हवा थरथरत होती, आणि त्या थरथरीत नाना एकेका घणापाशी थांबत चालले होते. घण उचलायचे, तळहातावर तोलायचे, तोंडावरून अंगठा फिरवायचे. तोंड अगदी सपाट नको, कडा किंचित उतरत्या हव्यात, म्हणजे पात्याला जखम होत नाही. चीर असलेला घण नखानं वाजवला की लगेच ओळखायचे. मध्येच कुठे ऐरण दिसली की तिच्यावर छोटा हातोडा सोडून बघायचे. चांगली ऐरण हातोडा वर उडवते, हात दमू देत नाही. तिथल्या एकीनंही उडवला नाही. "बठ्ठ्या मरेल शेतस," सगळ्या मेलेल्याच, असं पुटपुटत पुढे सरकायचे, आणि त्यांचं मन आमच्या घरच्या ऐरणीकडे, सासूबाईंकडे गेलेलं मला कळायचं. मीही उन्हानं गुंगले होते. तो दिवस असाच लोखंडाच्या वासात तरंगत जावा, संपूच नये, असं मला वाटत होतं.

शेवटी एक घण त्यांना पसंत पडला. सासूबाईंच्या घणापेक्षा हलका, पण दांडा तेवढाच आखूड. "धरीसन दाखव," ते दुकानाच्या खांबाला म्हणाले. मी धरला, पण कसा? डोक्यावर पदर, मान खाली, कंबरेत वाकून. सासऱ्यांसमोर सुनेनं ताठ उभं राहायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि ती माझ्या अंगात इतकी मुरलेली की भर बाजारातही माझा कणा वाकलेलाच. नानांनी मान हलवली. घण घेतला.

घरी येऊन बघतो तर त्याच चंद्रकोरी. पुन्हा पुन्हा तेच. एक बागवाला सुरी परत घेऊन आला, रागावला नाही बिचारा, नुसती ऐरणीवर ठेवून गेला. नाना तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "बंद करूत आते." त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी भट्टीवरची हत्यारं आवरायला घेतली. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले, मला वाटलं झोपलेत. माझा जीव इतका भरून आला होता की पदर घसरलेलाही कळला नाही. सांडशी छपराच्या वाशाला अडकवायची होती. सासूबाई ती काठीनं चढवायच्या. मी सरळ उभी राहिले, हात वर केला आणि टाच न उचलता अडकवली. वळून बघते तर नाना खाटेवर उठून बसलेले, डोळे माझ्यावर. मी चटकन पदर ओढून वाकले. 

सकाळी धप धप आवाजानं जाग आली. बाहेर येऊन बघते तर नाना पहारीनं जमीन उकरत होते. स्वतःच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी आणि सासूबाईंनी तेव्हा सासूबाईंच्या उंचीच्या बेतानं पुरलेला, ऐरणीखालचा बाभळीचा ओंडका त्यांनी उपटून काढला होता. ऐरण बाजूला मातीत पडली होती. शेजारी नवा, लांब ओंडका होता, आणि त्यांना स्वतःला बसायला एक उंच दगड. मला बघून त्यांनी पहार टाकली. भात्याकडे नाही, खांबाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आजवर कधी बघितलं नव्हतं तसं.

"सरळ उभी ऱ्हाय," ते म्हणाले.

मी पदर सावरला, मान खाली घातली.

"तशी नही, बाई. वाकू नको."

मी हळूहळू ताठ झाले. पदर मागे पडला, तो तसाच राहू दिला. त्यांनी नवा ओंडका माझ्या शेजारी खड्ड्यात उभा केला, माझी मूठ पोचत होती तिथून ऐरणीएवढं खाली कोळशानं खूण केली आणि मग खुणेकडे बघतच राहिले.

"इतली उच्ची शेस तू," ते म्हणाले, "आणि माले सांगं नही?"

 ते खाली बसले आणि त्या खुणेवर करवत चालवू लागले.