पापनाशमला गेलेले पाच रिकामे डबे

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. निदान तोंडातला कॉफीचा घोट तेवढा गिळून घ्या. मागच्या वेळी हे सांगताना शेजारच्या मामींना असा ठसका लागला, की गोष्ट अर्धी टाकून त्यांची पाठ थोपटत बसावं लागलं मला.

लग्नं कशावरून मोडतात? पत्रिकेवरून, मानपानावरून. मी माझ्या पोटच्या मुलीचं जुळलेलं लग्न रिकाम्या डब्यांवरून मोडायला निघाले होते. तेही अगदी मन लावून, वहीत नोंदी ठेवून!

पद्मा माझी एकुलती एक. तंजावरातच टायपिंग शिकवायची. आधीची दोन स्थळं पत्रिकेपायी गेली होती आणि दोन्ही वेळी ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणाली होती. मग पापनाशमचा रघू तिला बघून गेला. त्या संध्याकाळी पद्मानं फुलवालीकडून मोगऱ्याचा गजरा नेहमीपेक्षा दोन हात जास्त घेतला. आमच्याकडे गजरा हातानं मोजतात. मी काय समजायचं ते समजले.

रघू नोकरीला मद्रासला. मद्रासचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं, पण आमच्या तोंडी मद्रासच. नव्या नव्या खाजगी कंपन्या निघत होत्या, बँकांमध्ये कॉम्प्युटर बसत होते, आणि एका गावचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरला जोडायच्या लाइनींवर हा मुलगा काम करायचा.

“म्हणजे लाइनमन का हो?” ह्यांनी विचारलं. हे तालुका कचेरीत हेडक्लार्क. माणसाचा हुद्दा कळल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

“नाही मामा. लाइन कशी चालते ते मी मोजतो.”

“टेप घेऊन?”

पद्मा दाराआड फिसकन हसली. रघूही हसला आणि माझ्याकडे वळला. “मामी, असं बघा. तुम्ही इथून आमच्या घरी एक डबा पाठवलात. आमच्या घरच्यांनी तो ठेवून घ्यायचा नाही, आला तसाच परत फिरवायचा. निघाला कधी, परत आला कधी, हे तुम्ही तुमच्याच घड्याळात बघायचं. पलीकडे किती वेळ थांबला ते पलीकडचे लिहून देतात, तेवढं वजा करायचं. उरला तो रस्त्याचा वेळ.”

“आणि डबा वाटेत हरवला तर?”

“छान विचारलंत! म्हणून एकच पाठवायचा नाही. ओळीनं पाठवायचे, नंबर घालून. कितवा उशिरा आला, कितवा आलाच नाही, सगळं कळतं. आम्ही हेच करतो. फक्त आमचे डबे तारेतून जातात.”

काय सांगू, इतकं सोपं करून आजवर मला कुणी काही शिकवलं नव्हतं! शाळेत गणिताच्या बाईंनी असं शिकवलं असतं, तर दहावीला मी रडले नसते.

“आणि मामी, त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे—” रघू पुढे सांगत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी धावले. परत आले तोवर विषय पोळ्यांवर गेला होता.

हे उतू गेलेलं दूध लक्षात ठेवा बरं का.

पोळ्यांचा विषय काढला होता रघूच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी. माझी पुरणाची पोळी खाऊन त्या म्हणाल्या, “सुरेख आहे हो. पण ही इथेच खावी. शुक्रवारी निश्चयाला पापनाशमला आणाल, तोवर तिचं चामडं होणार.”

सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळले. म्हणाले, “विहीणबाई, तुमच्या पानात पडेल ती वाफेची पडेल.”

बोलून तर बसले! आता पापनाशम किती लांब? सेल्वम कंडक्टर म्हणाला चाळीस मिनिटं. शेजारच्या मामी म्हणाल्या दीड तास. फुलवाली म्हणाली, “रेल्वेचं फाटक उघडं की बंद, ते देवाला ठाऊक.” पोळ्या किती वाजता लाटायला घ्यायच्या, ह्याचा हिशेब बसेना. स्वतः जाऊन बघावं, तर निश्चय होईपर्यंत मुलीच्या आईनं मुलाचा उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, शिस्त राहिली.

आणि बुधवारी सकाळी भांडी घासता घासता मला रघू आठवला. विचारायचं कशाला? मोजायचं!

एवरसिल्वरचे, म्हणजे स्टीलचे, पाच डबे घेतले. चुन्यानं झाकणांवर एक ते पाच नंबर घातले. पद्माच्या जुन्या वहीत रकाने आखले. रुक्मिणीबाईंना सांगून ठेवावं, हे मनात आलं होतं. पण मग शुक्रवारची मजा काय राहिली?

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी हवी होती. आम्हा तंजावरच्या मराठी घरांत मराठी बोलतात सगळे, वाचतंय कोण! म्हणून चिठ्ठ्या तमिळमध्ये लिहायचं काम ह्यांना दिलं. आणि ह्यांनी कचेरीतल्यासारखं लिहिलं. “क्रमांक एक. डबा पोचल्याची व परत पाठवल्याची वेळ खाली नोंदवावी. डबा आहे त्या स्थितीत, विलंब न लावता परत करावा.” खाली सही. आणि हाताला सवयच म्हणून वर कोपऱ्यात ‘तातडीचे’.

आठच्या बसला सेल्वमच्या हातात पहिला डबा दिला. रुक्मिणीबाईंचं घर पापनाशमच्या बसस्टँडसमोरच, त्यामुळे काम सोपं.

“आत काय आहे, अम्मा?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“रिकामा आहे.”

“मग पाठवता कशाला?”

“परत यायला.”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “सरि, अम्मा,” म्हणाला आणि शिट्टी फुंकली. भला माणूस. मागच्या बसच्या कंडक्टरांनाही त्यानं सांगून ठेवलं होतं. काय सांगितलं असेल ते मी अजून विचारलेलं नाही.

नऊला दुसरा गेला, दहाला तिसरा. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला परत आला. मी धावत जाऊन घेतला, तर जड! उघडते तो काय, काठोकाठ साखर, वर विड्याची पानं.

तुम्ही म्हणाल, मग कळलं नाही का तुम्हाला? आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी स्वतः कढीलिंबाची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत केलेली नाही! पण त्या दिवशी मला तो डबा डबा वाटतच नव्हता, ती टेस्ट होती. मी कपाळाला हात लावला. आहे तसा परत करा म्हटलं होतं ना? भरत बसल्या, त्यात वेळ गेला, माझं माप बिघडलं!

त्यातून चिठ्ठीवरच्या वेळा. पोचला नऊ पन्नासला, निघाला साडेदहाला. आणि माझ्या हातात आला दहा वीसला! म्हणजे पापनाशमहून निघायच्या आधी दहा मिनिटं डबा तंजावरला हजर! मी तीनदा घड्याळ बघितलं, एकदा कानाला लावलं. मग वाटलं, बाई माझी थट्टा करतायत.

म्हणून अकराच्या चौथ्या डब्यात मी माझ्या हातानं वेगळी चिठ्ठी घातली. अगदी नम्रपणे लिहिली, हं. “कृपा करून डब्यात काही घालू नका. आम्हाला तुमचं काही नको. रिकामाच हवा. आणि वेळ खरी लिहावी.”

हसू नका म्हटलं होतं मी.

साडेअकराला दुसरा डबा आला. त्यात नारळ आणि हळकुंड. वेळेच्या जागी लिहिलं होतं, “आमच्या घरात घड्याळ आहे.” मला अर्थ लागेना. बाराला मी पाचवाही पाठवला. तिसरा परत आला नाही. चौथा आला नाही. मी वहीत ‘हरवले’ असं लिहिलं आणि खरं सांगते, मला थोडं बरंच वाटलं. रघूनं सांगितल्याप्रमाणे हरवायला लागले होते!

दोन वाजता सेल्वमची बस आली. तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर, तिन्ही डबे एकदम उतरले. ते धरून रुक्मिणीबाई उतरल्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमान गोविंदराव, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात निश्चयासाठी आम्ही दिलेलं शालूचं खोकं, परत करायला.

अशा वेळी माणसानं काय म्हणावं? या, बसा, पाणी घ्या. माझ्या हातात वही होती. मी म्हणाले, “किती वाजता निघालात?”

रुक्मिणीबाईंनी तिन्ही डबे आमच्या ओट्यावर आदळले. “संबंध नको तर तोंडानं सांगायचं, सरोजाबाई! शुभकार्य दोन दिवसांवर, आणि रिकामी भांडी पाठवता? एक नाही, दोन नाही, पाच! पहिल्याला वाटलं, आतलं कंडक्टरनं खाल्लं. आमचे हे त्याच्याशी भांडले बिचाऱ्याशी. वर सही-शिक्क्याची नोटीस! किती वाजता आलं, किती वाजता दिलं! मी काय तुमच्या कचेरीतली शिपाई?”

“शिक्का नव्हता,” जेवायच्या सुटीत घरी आलेले आमचे हे हळूच म्हणाले.

“आणि हे!” त्यांनी माझी चिठ्ठी पुढे धरली. “‘तुमचं काही नको.’ आमचा मुलगाही नको, असंच ना?”

तेवढ्यात पद्माही जेवायला घरी आली. दारात उभी राहून तिनं चिठ्ठी वाचली. गोविंदरावांच्या हातातलं खोकं बघितलं. केसातला गजरा काढला आणि मुठीत धरून उभी राहिली. तो हात बघितला, आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले आहे.

मी पुढे धावले. “विहीणबाई, ते डबे नव्हते हो, मोजमाप होतं! पोळ्या गरम आणायच्या होत्या! रघूनंच सांगितलं, डबा पाठवायचा, तसाच परत फिरवायचा, नंबर घालायचे...” मी वही उघडून रकाने दाखवले. रडत रडत वजाबाकी समजावली.

गोविंदराव वहीत डोकावले. “निघायच्या आधी पोचला, हे काय?”

“तेच ना! वेळ चुकीची लिहिलीत तुम्ही.”

“चुकीची नाही,” रुक्मिणीबाई जरा ओशाळल्या. “हे दर वेळी गाडी चुकवतात, म्हणून घरातलं घड्याळ मी तासभर पुढे ठेवते.”

मग सगळे मिळून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. एकाच माणसाच्या त्या खोक्यात आम्ही दोघी विहिणी घुसलो. रुक्मिणीबाईंनी मुलाला आधी झाडलं, मग सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाजच येईना. लाइन गेली असं वाटलं, पण रघू हसत होता. शेवटी म्हणाला, “मामींना द्या.”

“मामी, पोचला नऊ पन्नासला आणि निघाला साडेदहाला, दोन्ही एकाच घड्याळात. म्हणजे चाळीस मिनिटं थांबला. ती वजा करा. जायला पन्नास, यायला पन्नास. घड्याळ पुढे असलं तरी माप बरोबर आलंय!”

“खरं?” मी डोळे पुसले.

“अगदी. पण डबे रिकामे कशाला पाठवलेत?”

“टेस्टच ना ती! त्यात पोळ्या कशाला घालायच्या?”

“अहो, तीच तर मुख्य गोष्ट सांगत होतो, तुम्ही दूध बघायला उठलात! टेस्टचा डबासुद्धा रिकामा पाठवायचा नसतो. खरं सामान जेवढं जड, तेवढंच भरून पाठवायचं, तर माप खरं!”

रिसीव्हरला कान लावून रुक्मिणीबाईही ऐकत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे दूध उतू गेलं नसतं, तर आज पाच डबे पोळ्या खाल्ल्या असत्या आम्ही!”

पद्मा बूथच्या काचेबाहेर उभी होती. रुक्मिणीबाईंनी दार ढकलून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. दोन पोरं काय बोलली ठाऊक नाही. पण घरी येताना गजरा परत केसात होता, जरा चुरगळलेला.

शुक्रवारी आठच्याच बसनं निघालो. पाचही डबे पुरणपोळ्यांनी गच्च, वरून टॉवेल गुंडाळलेले. सेल्वमनं विचारलं, “आज आत काही आहे का, अम्मा?” मी त्याच्या हातावर एक पोळी ठेवली. बरोबर पन्नास मिनिटांनी पापनाशम! रुक्मिणीबाईंनी झाकण काढलं, वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्या चष्मा पुसत राहिल्या. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

भटजी बसले, तांबूल मांडलं. रघू-पद्मा समोरासमोर. भटजींनी विडा उचलला, आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दहा पस्तीस! शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो हो! त्यात शुभकार्य करतात का!

“थांबा!” मी ओरडले. “विडा खाली ठेवा! राहुकाळ लागला!”

भटजींच्या हातून विडा पडला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फक्त रुक्मिणीबाईंनी शांतपणे विडा उचलून भटजींच्या हातात परत दिला.

“चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “आमच्या विहीणबाईंनी परवा दिवसभर बसून हे घड्याळ मोजलं आहे, तरी त्यांना अजून वाजले किती ते कळलेलं नाही.”