एक जानेवारीचा जन्म

निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेत आल्यागेल्याचं नाव-गाव टिपून घेणाऱ्या बाईंना सगळे नोंदबाई म्हणत. बावीस वर्षं एकच खुर्ची, एकच खिडकी. जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाला जन्मतारीख कुठून ठाऊक असणार? बाई वर्ष विचारत आणि पुढे बिनदिक्कत ‘एक जानेवारी’ ठोकून देत. संस्थेची रीतच ती.

मार्चमध्ये दोन बहिणी आल्या. थोरलीला वर्षही सांगता येईना. मागे ही रांग, त्यात जेवणाची वेळ टळलेली. बाईंनी तिच्या उंचीकडे पाहिलं आणि सतरा धरून वर्ष लिहिलं.

डिसेंबरात सरकारी पत्र आलं. एक जानेवारीला थोरली अठराची होणार, तिला मोठ्यांच्या छावणीत पाठवा. छावणी दिवसभराच्या वाटेवर. नऊ वर्षांची धाकटी इथेच राहणार, आणि ती पोर तर बहिणीची बाही मुठीत धरल्याशिवाय घासही गिळत नव्हती.

“मावशी, मी खरंच अठराची होणार?” थोरलीने विचारलं.

बाईंना ठाऊक नव्हतं. भीती त्याचीच होती.

“गप्प बसा हं बाई,” संस्था चालवणाऱ्या ताईंनी बजावलं. “एक तारीख उकरली की सगळ्याच निघतील. तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

तरी बाई निघाल्या, हात दाखवून अवलक्षण करायला. सरकारी कचेरीचा जिना चढून त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, ती तारीख मी अंदाजाने लिहिली. पोरीला काही ठाऊक नव्हतं.”

साहेबांनी चष्मा काढला. “वयाची तपासणी होईपर्यंत दोघी एकत्र राहतील.”

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

“अशा अंदाजाच्या आणखी किती?”

“एक जानेवारीच्या बहुतेक सगळ्या, साहेब.”

“या संस्थेच्या तेवढ्या फायली काढा,” साहेबांनी कारकुनाला सांगितलं. “जुन्यापासून.”

कारकुनाने धूळ झटकून पहिली फाईल टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांपूर्वी त्याच खिडकीपुढे एकटी उभी राहिलेली एक मुलगी. वर्ष अंदाजे, तारीख एक जानेवारी. तेवढ्याच कागदावर तिला या देशात राहायला मिळालं होतं.

साहेबांनी फायलीतला त्या मुलीचा फोटो पाहिला, मग नोंदबाईंकडे पाहिलं.

“बसा,” ते म्हणाले. “तुमचं ओळखपत्र द्या.”

बाईंनी ते सकाळीच पर्समध्ये वर काढून ठेवलं होतं.