थांबजराचा कच्चा टाका

प्रिया, ये इकडे, जवळ बस. रस्त्यात भेटलीस की 'आई बरी आहे मावशी' एवढं म्हणून पळतेस, हे शोभतं का गं? कानाची मशीन बनवायचो त्या चारकोपच्या गाळ्यात तुझ्या आईला आम्ही काय म्हणायचो, ठाऊक तरी आहे? थांबजरा.

प्रत्येक टेबलावर एक पॉवर सप्लाय असायचा, हवे तेवढेच व्होल्ट देणारी पेटी. ती बिघडली की थांबजराकडे. मीटरवर पाच दिसले की आम्ही खूश. ही मात्र पेटी तापावी म्हणून तिला गाडीचा बल्ब जोडून बसून राहायची. "थांब जरा. थंड असताना सगळेच शहाणे असतात." पेटी तापली की आकडा हळूच चढायचा. मग ती आतल्या, व्होल्ट आवरून धरणाऱ्या रेग्युलेटरवर स्पिरिटचा बोळा टेकवून त्याला गार करायची. आकडा उतरला की म्हणायची, "सापडला. बदल ह्याला."

आमचं सोल्डरिंग ती उजेडात धरून बघायची. "हा टाका आहे की च्युइंगम चिकटवलंयस?" राग यायचा, पण टाका पुन्हा मारायचो.

एकदा तिनं स्वतःच्या टेबलावरची पेटी दुरुस्त केली. रेग्युलेटर नवा, बटणाची तार पुन्हा जोडलेली, आकडा बरोबर. माल न्यायला टेम्पो खाली उभा, म्हणून त्या दिवशी बल्ब न लावताच तिनं कानाच्या मशीनच्या बोर्डांचा अख्खा ट्रे तपासायला जोडला. थोड्या वेळानं वास आला. सगळा ट्रे जळाला होता.

आम्ही म्हटलं, नवा पार्टच खराब निघाला असेल. तिनं पेटी उघडली आणि लाकडी काडीनं एकेक जोड हलवून पाहिला. व्होल्टेजच्या बटणाजवळ काडी लागली, आकडा एकदम वर उडाला. तापल्यावर तिथला टाका सुटत होता.

"पार्ट चांगला आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "टाका कच्चा आहे. माझा आहे."

कुणीतरी हसत म्हणालं, "काय गं, आज थांबली नाहीस?" आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "असू दे ताई" म्हणाले, तेच तिला जास्त लागलं. डबा तिनं भिंतीकडे तोंड करून खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही; तिचा एप्रन न्यायला तू आलीस.

अजून बाजारात मी दिसले की ती पलीकडच्या फुटपाथला जाते. माझं तोंड बघून तिला तो वास आठवत असेल, या विचारानं मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. हाक तोंडातच राहते.

तिला म्हणावं, त्या ट्रेबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. तुमचे तीन जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, नाहीतर मीच आले असते. रविवारी तिला घेऊन ये. नाहीच म्हणाली, तर तू तरी ये गं. मी घरीच असते.