डावीकडची नस

सुतार कपाटाला पॉलिश मारतोय, मी खुर्ची टाकून त्याच्यावर नजर ठेवून बसलोय, आणि त्या चपड्याच्या वासाने पन्नासच्या दशकातला कल्याणचा एक रविवार आठवला. तेव्हा मी डोंबिवलीहून मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायला जायचो. बेशुद्ध कुत्र्याला प्राणवायू कमी पडला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, मेंदूला कळवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. नसा कापल्या की चढत नाही. हे मुलांना दाखवताना काजळी धरलेल्या कागदावर रक्तदाबाची रेघ उमटायची. आमचा म्हातारा शिपाई काजळी पुसू नये म्हणून ते कागद घरी नेऊन चपडा लावून वाळवायचा, आणि ते घरी नेणंच मला खटकायचं. त्या शनिवारी त्याने आणलेल्या कागदावर, नसा कापल्यानंतरही रेघ चढलेली! वर्गात मी कुत्र्यातच गुंतलेलो, रेघेकडे पाहिलंच नव्हतं. याने खराब झालेला कागद लपवून दुसराच दिला, असं धरून मी रविवारी थेट कल्याणला त्याच्या घरी थडकलो. "खरा कागद कुठाय?" त्याने आधी बायकोला आत पाठवलं. मग हळूच म्हणाला, "हाच तो, साहेब. तुम्ही उजवीकडचीच नस कापलीत, डावी राहिली. पोरांसमोर कसं सांगणार?" समोर आलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. आत्ता मी खुर्ची उचलली आणि आत येऊन बसलो.