‘वैजापूरचा पळपुटा’ हे शब्द परत घेण्याबाबत

मयताचे नाव अमोल काशिनाथ गायके, वय तिशीच्या आत, मूळ राहणार तालुका वैजापूर, हल्ली राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. धंदा, लढतीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये माइकवरून खेळाचे वर्णन करणे, म्हणजे कॉमेंट्री. लिहिणार, मयताचा सख्खा मामा, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा. ज्याच्याविरुद्ध लिहिले आहे तो इसम रोहन, मुक्काम पुणे, स्पर्धांचा आयोजक व स्वतःही कॉमेंट्री करणारा. त्याचे आडनाव संपादकांच्या सांगण्यावरून गाळले आहे, त्याला ते माहीत आहे. साक्षीदार पहिले, सलीमभाई, उस्मानपुऱ्यातील गेम पार्लरचे मालक. साक्षीदार दुसरा, किरण, वैजापूरचा खेळाडू. साक्षीदार तिसरी, मयताची आई शांताबाई, माझी धाकटी बहीण. घटनेचे ठिकाण, जालना रोडवरील एक मंगल कार्यालय.

पुरवणीच्या वाचकांना गेलेल्या माणसाविषयी असे लिहिणे रुक्ष वाटेल. मला दुसरा नमुना येत नाही, आणि याच नमुन्याने मी अनेकांच्या जमिनी, पेन्शनी आणि बंद पडलेली रेशनकार्डे मार्गी लावली आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु पदवीधर कारकून माझा मसुदा वाचून खुर्चीत सरळ बसतात, हे कचेरीत कोणालाही विचारावे. बातमी आली तेव्हाही मी अर्जच लिहीत होतो. समोर एक वृद्ध बाई बसली होती आणि बहिणीचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, “दादा, अमोल गेला रे…” बाई गावाहून दोन गाड्या बदलून आली होती, म्हणून मी तिचा अर्ज पुरा केला, वाचून दाखवला, अंगठा घेतला, आणि मग उठलो. त्या अर्जातले अक्षर शेवटी बिघडले आहे. तेवढे एकच वर्षानुवर्षांत बिघडले असेल.

अमोल डेंगीच्या तापाने गेला. ताप रोहनने आणला असे माझे म्हणणे नाही. तक्रारीत घडले त्यापेक्षा एक ओळ जास्त लिहिली की बाकीच्या खऱ्या ओळीही फेटाळल्या जातात. सबब, त्याने जे केले तेवढेच लिहितो. ते पुरेसे आहे.

अमोल मुळात खेळाडू व्हायला निघाला होता. या खेळात पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या जिवाची पट्टी असते, तिला पोरे ‘लाइफ’ म्हणतात. ती संपली की राउंड गेला, आणि वेळ आधी संपली तर ज्याची पट्टी जास्त शिल्लक तो जिंकला. अमोलचे हात मंद होते आणि तोंड जलद. तो सलीमभाईंच्या पार्लरमध्ये हरायचा आणि मग दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभा राहून त्यांची लढत मोठ्याने सांगायचा. पोरे स्वतःची पाळी सोडून ऐकत राहायची. एके दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “मामा, मला बोलायला शिकवा.” मी म्हणालो, “तुला बोलणं कमी कधी पडलं?” तर म्हणाला, “तसं नाय. लोकाला पटंल असं. मी लई बोलतो, पण समद्याचा काला होतो.” घरातले इतर हसले होते. मी हसलो नाही. ज्याला आपल्या बोलण्याचा काला होतो हे कळते, त्याला शिकवता येते.

मी त्याला माझे पहिले कलम शिकवले. अर्ज वाचणारा साहेब तुम्हाला ओळखत नाही. म्हणून आधी पूर्ण नाव, बापाचे नाव, राहणार कोठला, वय, धंदा. मग घडले त्या क्रमाने हकिकत. आणि शेवटी मागणे. अमोलने ते जसेच्या तसे घेतले. पहिल्या स्पर्धेत लढत सुरू झाली आणि हा माइकवर सांगू लागला, अमुक याचा मुलगा तमुक, राहणार अजिंठा, वय इतके, धंदा शिक्षण… दुसऱ्या खेळाडूच्या वडिलांपर्यंत पोहोचेस्तोवर पहिला राउंड संपून गेला. सलीमभाई मागून ओरडले, “अरे मियाँ, एक जन मर भी गया, तुम अब्बी वालिद के नाम पेच अटके हैं.” सगळा हॉल हसला. अमोल खाली मान घालून माझ्याकडे आला. “मामा, तुमच्या कलमानं माझी इज्जत गेली.” मी म्हणालो, “कलमाला नावं ठेवू नकोस. तू ते उशिरा दाखल केलंस.” त्यानंतर खेळाडू पडद्यावर आपापला लढवय्या निवडतात त्या मोकळ्या वेळात तो हे सारे सांगू लागला. आणि मग जे झाले ते मी स्वतः पाहिले आहे. मुलगा दिवसभर काय करतो हे ज्यांना कधी समजले नव्हते, असे बाप हॉलच्या दारात येऊन उभे राहू लागले. माइकवरून आपले नाव आणि आपले गाव ऐकायचे, छाती जराशी बाहेर काढायची आणि निघून जायचे.

दुसरी गोष्ट त्याने न सांगता उचलली. आमच्यात अर्ज लिहून झाल्यावर अर्जदाराला वाचून दाखवावा लागतो, आणि तो ‘बरोबर आहे’ म्हणाल्याशिवाय सही घ्यायची नसते. अमोल लढत संपली की माइक ठेवायचा, खेळाडूंजवळ जायचा आणि विचारायचा, “मी तुझं जे सांगितलं ते बरोबर व्हतं का?” तो आधी हरलेल्याकडे जायचा. मी कारण विचारले. “जितलेला कशालाबी व्हय म्हनतो, मामा. हरलेल्यालाच नीट ठाऊक असतं कुठं काय झालं.” चूक निघाली तर पुढच्या लढतीआधी तो ती माइकवर दुरुस्त करायचा, स्वतःचे नाव घेऊन. तिसरी गोष्ट त्याची त्याने शोधली. आई भाकरी थापत असताना तिच्या पाठीमागे बसून तो जुनी लढत लावायचा, आवाज बंद करून स्वतः बोलायचा आणि मधेच थांबून विचारायचा, “आये, आता कोन अडचणीत हाय?” शांताबाईला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही. तिचे उत्तर चुकले की हा पुन्हा पहिल्यापासून बोलायचा. ती वैतागून म्हणायची, “मेला का न्हाई त्यो एकदाचा? तवा जळायलाय माझा.” पण हळूहळू तिची उत्तरे बरोबर येऊ लागली. शेवटचा घाव बसताना गप्प राहायचे हेही तो तिथेच शिकला, कारण त्या क्षणी त्याचा आवाज थांबला की तिचा हातही थांबायचा.

आता रोहन. तो पुण्याहून मोठी स्पर्धा घेऊन आमच्या शहरात आला. कॉमेंट्रीला दोघे बसतात, एक घडते ते सांगतो, दुसरा ते का घडले ते उलगडतो. दोन दिवस अमोल आणि रोहन जोडीने बसले. मराठी ऐकायला हॉल भरला. फायनलच्या आधी रोहन त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “अमोल, फायनल मी एकटा घेतो. बाहेरचे लोक बघतायत, जरा स्टँडर्ड ठेवावं लागतं. तू पब्लिकमध्ये बस, टाळ्या सुरू करून दे.” अमोल माझ्या शेजारी येऊन बसला. मी उठत होतो, त्याने माझा शर्ट धरून ठेवला.

फायनलमध्ये वैजापूरचा किरण होता. बाप मोंढ्यात हमाल, पोरगा स्वतः कांद्याच्या आडतीवर कामाला. शेवटच्या राउंडला त्याची पट्टी जास्त होती, आणि तेव्हाच त्याने मारणे थांबवले. तो नुसते वार अडवत मागे सरकू लागला. घड्याळ संपायला क्षण उरले असताना समोरच्याने त्याला धरून आपटले, कारण या खेळात वार अडवता येतो, पण धरून आपटणे अडवता येत नाही. किरण हरला. त्यावर रोहन माइकवर हसत म्हणाला, “हा तर पळपुटा निघाला रे. वैजापूरचा पळपुटा.” सगळे हसले. दोन दिवस अमोलने त्या पोराचे गाव मानाने सांगितले होते. रोहनने तेच गाव उचलून त्याच्या तोंडावर मारले.

अमोल नेहमीप्रमाणे हरलेल्याकडे गेला. किरणच्या कंट्रोलरचे मारण्याचे बटण आत दबून अडकले होते. खेळाडूने मधेच लढत थांबवली तर राउंड समोरच्याला जातो असा त्यांचा नियम. म्हणून ज्याला हात उचलता येत नव्हता तो पोरगा उरलेला सगळा वेळ समोर उभा राहून वार झेलत होता. सलीमभाईंनी ते बटण स्वतः दाबून पाहिले आहे. अमोल तसाच रोहनकडे गेला, मी मागे होतो. तो म्हणाला, “सर, दोनच वाक्यं बोला. बटन अडकलं व्हतं, तो पळाला नाय.” रोहन वायरी गुंडाळत होता. त्याने वर पाहिले नाही. “अरे, शो संपला. उद्या कुणाच्या लक्षात राहणार आहे?”

लक्षात सगळ्यांच्या राहिले. ते वाक्य तोडून लोकांनी मोबाइलवर फिरवले. मोंढ्यात किरणला गाड्यांवरून हाक पडते ती ‘ए पळपुट्या’ अशी, आणि ती त्याच्या बापाला ऐकावी लागते. पोरगा खेळायचा बंद झाला. अमोलने रोहनला पुष्कळदा फोन केले, निरोप ठेवले. उत्तर आले नाही.

मग ताप आला… दवाखान्यात मी भेटायला गेलो ती शेवटची भेट, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. आवाज पार बसला होता. म्हणाला, “मामा, एक अर्ज लिव्हा.” मी म्हणालो, “लिहितो. त्या रोहनला असा उभा करतो की…” त्याने मान हलवली. “त्याच्यावर नका लिव्हू. किरनसाठी लिव्हा. त्याच्यावर लिव्हलं तर तो सोताला वाचवीत बसंल, किरनचं राहून जाईल.” मला ते तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटलेले नाही. अमोल माझ्यापेक्षा चांगला माणूस होता. पण तो गेला आहे, आणि राहिलो आहे मी.

तो गेल्यानंतर रोहनने श्रद्धांजलीचा व्हिडिओ टाकला. मागे मंद संगीत, डोळ्यांत पाणी. त्यात अमोलचा उल्लेख ‘आमचा तिथला एक उत्साही हेल्पर’ असा आहे. पुढच्याच स्पर्धेत या इसमाने खेळाडूंची ओळख बापाचे नाव आणि गाव सांगून करून दिली आणि वर म्हणाला की ही आमच्या शोची खास स्टाईल आहे. मी ते सलीमभाईंच्या पार्लरमध्ये उभा राहून पाहिले. सलीमभाईंनी पडदा बंद केला आणि म्हणाले, “मामू, छोकरे को मिट्टी दिए चार दिन नै हुए, और ये उसकी जबान पहन के बैठा है.” यानंतर ‘सोडून द्या, क्षमा करा’ असे समजवायला आमच्याकडे काही नातेवाईक आले होते. त्यांना मी चहा विचारला नाही. क्षमा मागितली जाते तेव्हा दिली जाते. येथे कोणी मागितलेली नाही.

एक गोष्ट मात्र रोहनच्या ध्यानात आलेली नाही, कारण ती त्याला येत नाही. त्याने कलम चोरले, वाचून दाखवणे चोरले नाही. तो आजही हरलेल्याला विचारत नाही. म्हणून त्याच्या तोंडी गावांची नावे पोस्टाच्या शिक्क्यासारखी पडतात, आणि पोरे आता ते बोलून दाखवू लागली आहेत. माझा सूड एवढ्यावर भागणारा नाही, परंतु ऐकायला बरे वाटते.

सबब विनंती अशी. एक, पुढील स्पर्धेच्या फायनलपूर्वी, हॉल भरलेला असताना, रोहनने माइकवर सांगावे की वैजापूरचा किरण पळाला नव्हता, त्याचे बटण अडकले होते आणि तो शेवटपर्यंत उभा होता. ही मागणी मयताची आहे आणि ती पहिली राहील. दोन, खेळाडूची ओळख त्याच्या बापाच्या आणि गावाच्या नावाने करून देण्याची रीत अमोल काशिनाथ गायके याची आहे, हे त्याच माइकवर, त्याच आवाजात सांगावे. ही मागणी माझी आहे. तोवर या जिल्ह्यातील प्रत्येक स्पर्धेत मी पहिल्या रांगेत हजर राहीन, आणि प्रत्येक लढतीनंतर उभा राहून हा मजकूर मोठ्याने वाचेन. माझा आवाज अमोलइतका चांगला नाही, पण कचेरीच्या कोलाहलात तयार झालेला आहे.

आजवर मी प्रत्येक अर्जाखाली ‘लेखी उत्तर मिळावे’ असे लिहीत आलो. या वेळी लेखी उत्तर नको. मयताच्या आईला वाचता येत नाही. ती अजून संध्याकाळी चुलीपुढे बसली की अमोलने माइकवर सांगितलेली एक जुनी लढत मोबाइलवर लावते आणि पाठमोरी ऐकते. तिला रोहनचे उत्तर ऐकायचे आहे. ते तोंडी असावे, स्पष्ट असावे, आणि ऐकताना तिला कोणाला काही विचारावे लागू नये.