नेने

गोविंद तावडे चाळीच्या गॅलरीतून चालताना कठडा सोडत नसे. खाली लालबागचा रस्ता, कडेला वाळत घातलेल्या गोधड्या, आणि हा पाय फाकवून, एक हात कठड्यावरून सरकवत नळापर्यंत जायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "जमीन अशी गप रवली की माका भीती वाटता."

तो मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोटीवरून सुटला की आमच्या शेजारच्या खोलीत. आल्या दिवशी तो बायकोच्या हातचा चहा घ्यायचा आणि कप घेऊन थेट माझ्याकडे यायचा. सुलभावहिनी आतून ओरडायच्या, "आले नाहीत तोच निघाले! भावोजी, तुम्हीच ठेवून घ्या यांना."

एका फेरीत पिरेअस बंदरातून निघाल्यावर त्याच्या बोटीचं इंजिन बिघडलं. दुरुस्ती होईपर्यंत ती किथनोस नावाच्या लहानशा ग्रीक बेटाजवळ नांगरून ठेवली होती. परत आल्यावर त्याने मला गॅलरीत गाठलं.

"वसंता, थंय आवाजच नाय रे. एक पांढरा देऊळ, चार बकऱ्यो आणि काळ्या कपड्यातली एक म्हातारी. तिणा अंजिरां सुकत घातलेली. मी बोटान इचारलंय, एक घेव? तर म्हणता, 'ने, ने.'"

"मराठीत?"

"मराठीत! आणि ती पण शुद्ध. आपली मालवणी असती तर 'व्हर' म्हणाली असती. ही शिकलेली होती मेल्या! ओंजळ भरलंय, तरी 'ने, ने'. मगे पिशयेतच भरलंय."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो हळूच म्हणाला, "एकदा सुलभाक थंय व्हरतलंय. तिणा असो शांतपणा कधी बघूकच नाय." त्या पिशवीतलं पहिलं अंजीर त्याने मला दिलं. बाहेरून सुरकुतलेलं, आत मधासारखं. मी ते तिथेच, त्याच्यासमोर खाल्लं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते या अंजिराची चव माहीत असताना केलं.

चाळीच्या पूजेला संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असे आणि नकला माझ्याकडे असत. त्या वर्षी मी बायकोचं नऊवारी नेसलो, नाकात बोललो आणि ग्रीसची म्हातारी झालो. "अहो तावडे, असे संकोचता काय? अंजीर ने, बकरी ने, देऊळसुद्धा ने!" चाळ लोळली. सुलभावहिनी तर डोळे पुसत होत्या. गोविंदही हसत होता. मग त्याने वहिनींकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं. ते मी साडीच्या पदराआडून पाहिलं, आणि तरी आणखी एकदा "ने" म्हटलं, कारण टाळ्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली, "काय नेने, बोट कधी?" ते आडनाव त्याला कायमचं चिकटलं. त्याच्या सगळ्याच गोष्टी थापा ठरल्या. तो बाहेर निघाला की वहिनीसुद्धा गमतीने विचारायच्या, "नेने, आज कुठे नेताय?" त्यानंतर त्याने बेटाचं नाव घेतलं नाही. बोटीची नोकरी संपली, तरी वहिनींना कुठे नेण्याची भाषाही त्याने काढली नाही. 'ते खरं आहे, मी अंजीर खाल्लंय,' एवढं वाक्य मी गॅलरीत उभं राहून बोललो असतो तर पुरलं असतं. पण मग माझ्या नकलेला कोण हसलं असतं?

एकदा मी त्याला विचारलं, "गोविंदा, राग येतो का रे त्या नावाचा?"

"मारूंदे हाक. पुढच्या फेऱ्यांनी थंयचे खलाशी भेटले माका. त्या हाकेचो अर्थ तुका ठाऊक नाय," तो म्हणाला. मला वाटलं, टोमणा आहे. मी पुढे विचारलं नाही.

तो गेला तेव्हा चाळीच्या दाराशी फळ्यावर मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं. 'कै. गोविंद तावडे (नेने)'. कंसातल्या नावाशिवाय लोकांना कळायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. वहिनींनी ते वाचलं, पदराच्या टोकाने कंस आणि आतलं नाव पुसलं आणि वर गेल्या. त्यांनाही मी काही सांगितलं नाही. आता त्याही नाहीत. चाळही नाही. मी वडाळ्याला एकटा राहतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी माधवी, जी जर्मनीत असते, म्हणाली, "बाबा, या इकडे. कुठे फिरायला जाऊ या?" मी म्हटलं, "किथनोस."

"हे कुठून काढलंत?"

"शेजाऱ्याकडून."

पिरेअसला आमची फेरीबोट मागचा जबडा उघडून उभी होती. ट्रक, स्कूटर, ट्रंका ओढणारी माणसं, सगळं त्यात शिरत होतं. माधवीला बोट लागते. गोळी घेऊन ती आत खुर्चीवर झोपली. मी डेकवर आलो. बंदर मागे पडलं, मग धक्क्यावरच्या क्रेनही दिसेनाशा झाल्या. वाऱ्यात बोलायला कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी पाय फाकवून उभा आहे आणि माझा हात कठड्यावरून सरकतो आहे.

समोर एक बोडका, तपकिरी डोंगर पाण्यातून वर येऊ लागला. दोरखंड गुंडाळणाऱ्या खलाशाला मी बोट दाखवून विचारलं, "किथनोस?"

"ने, ने," तो म्हणाला.

मी नुसता बघत राहिलो. म्हाताऱ्याला कळलं नाही असं समजून त्याने मान जोरात हलवली. "येस! ने, येस."

म्हणजे 'हो'. ती म्हातारी 'हो, हो' म्हणाली होती. आणि आमची अख्खी चाळ इतकी वर्षं त्याला जिन्यातून, नळावरून, रस्त्यावरून 'हो, हो' म्हणत होती. हे फक्त त्याला कळत होतं. एकाने तरी ते मनापासून म्हणायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

बेटावर एक पांढरं देऊळ होतं. टेकडीवर बकऱ्या होत्या. एका बंद दारासमोर कुणाची तरी खुर्ची ठेवलेली होती. आवाज नव्हता. मी त्या खुर्चीशेजारी बराच वेळ उभा राहिलो; बसायला कुणाला विचारावं ते कळेना.

परतीच्या बोटीत माधवी जागी होती. डेकवर माझ्याशेजारी येऊन तिने विचारलं, "बाबा, शेजारच्या काकांनी सांगितलं होतं तसंच होतं का बेट?"

"ने," मी म्हणालो.

तिने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि माझा दंड धरला. "हो बाबा, नेते. दमलात ना? आता परतच जातोय."